जाडजूड टीव्ही-कोश चाळायचा कसा

अमेरिकी मालिकांचा कोश बहुतेक जण एखादी माहिती हवी म्हणून उघडतात आणि ती मिळाली की मिटतात. तो चाळायला घेतला, तर दुपार कशी गेली ते कळत नाही. सुरुवात टिम ब्रुक्स आणि अर्ल मार्श यांच्या प्राइम टाइम, म्हणजे संध्याकाळ-रात्रीच्या मुख्य वेळेतल्या, मालिकांच्या कोशाने करावी. पहिली आवृत्ती १९७९ ची, नववी २००७ ची.

जुनी प्रत घेताना आधी शेवटची पानं तपासा. परिशिष्टं आणि कलाकारांची सूची तिथे असते. ती फाटलेली असेल तर प्रत घेऊ नका.

ग्रंथ टेबलावरच ठेवा. नवी प्रत एकदम मधोमध उघडून दाबली की कण्याचा डिंक तडकतो आणि पानं सुटतात. आधी पुढची वीसेक पानं उलटून हलक्या हाताने दाबा, मग मागची वीसेक, असं करत मध्यापर्यंत या. कागदाच्या तीन पट्ट्या जवळ असू द्या.

आता पहिल्या अक्षरापासून वाचू नका. दर हंगामाचं वेळापत्रक चौकटीत दिलेलं असतं, तिथून सुरुवात करा. उदाहरणार्थ १९६८ चा शरद हंगाम, शुक्रवार, रात्री १०. तीन मोठ्या अमेरिकी वाहिन्या बघा: एनबीसीवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळमालिका, एबीसीवर वकिलाची मालिका, सीबीएसवर ९ लाच सुरू झालेला चित्रपट. तरुण प्रेक्षक शुक्रवारी रात्री बाहेर असायचा आणि ‘स्टार ट्रेक’चा जीव त्याच्यावरच होता. १९६९ मध्ये ती बंद पडली. एवढी मोठी गोष्ट एका आडव्या ओळीत मावते, म्हणून चौकट घाईने ओलांडू नका.

तिथे पहिली पट्टी ठेवून ‘स्टार ट्रेक’च्या नोंदीवर या. आधी तारखा, वाहिनी आणि वार वाचा, मग कलाकार. दुसरी पट्टी तिथे ठेवा. एक नाव निवडा, समजा ‘स्टार ट्रेक’मध्ये स्पॉक साकारणारा लेनर्ड निमॉय, आणि मागच्या सूचीत शोधा. तिथला पानक्रमांक ‘मिशन: इम्पॉसिबल’ या दुसऱ्या मालिकेवर नेतो: स्पॉकची भूमिका संपली त्याच वर्षी निमॉय त्या मालिकेत दाखल झाला.

अडतं ते नेहमी पुढच्या गोष्टींवर. शरद हंगामाच्या चौकटीत जानेवारीत आलेल्या मालिका नसतात. ‘बॅटमॅन’ जानेवारी १९६६ मध्ये सुरू झाली, त्यामुळे १९६५ च्या चौकटीत ती शोधत बसाल तर सापडणार नाही. दुपारच्या मालिकाही नाहीत. हा कोश संध्याकाळ-रात्रीचा आहे. नावाआधीचं ‘द’ वर्णक्रमात धरत नाहीत. वेळा पूर्व किनाऱ्याच्या आहेत, शिकागोत तोच कार्यक्रम साधारण तासभर आधी लागायचा.

एका बैठकीत अशा तीन-चार उड्या पुरेत, त्याहून जास्त झाल्या की नावं एकमेकांत मिसळतात. शेवटच्या नोंदीत तिसरी पट्टी ठेवून ग्रंथ मिटा. पुढच्या वेळी तिथूनच उडी मारायची.