सालच छापलं नाही, तर कागद किती जुना?

वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांतून अजूनही ट्रंका निघतात. त्यात पोथ्यांसोबत लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, कापसाच्या जिनिंगच्या (सरकी काढण्याच्या) पावत्या असतात. पोथी लोक जपतात, बाकीचं रद्दीत देतात. माझ्या मते आधी वाचवावं ते हे सुटे कागदच, कारण त्यांची दुसरी प्रत सहसा कुठंच नसते.

साल नसेल तर छापखान्याचा पत्ता पाहा. अमरावती, यवतमाळ किंवा अकोल्याच्या पुढं ‘म. प्र.’ असेल, तर कागद साधारण १९५० ते १९५६ मधला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि नागपूर त्याची राजधानी होती. ‘मुंबई राज्य’ असेल तर नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६० मधला. अर्थात, छापखानेवाले जुना ठसा पुढंही काही दिवस वापरत, म्हणून किंमतही तपासा. आणे-पै असतील तर बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचा. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधला. नुसता शक दिला असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. महिना पौष ते फाल्गुन असेल तर बहुधा ७९.

फाटलं म्हणून सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. मऊ ब्रशनं धूळ झाडून कागद सपाट ठेवा, टाचण्या काढा. आणि ज्यांच्या घरचा कागद, त्यांचं गाव नि ट्रंक कुणाची होती, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लगेच लिहून सोबत ठेवा.