टर्बो बदलण्याआधी ऑइलची नळी बघा: टर्बो गाडी वापरताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका जुन्या मेस्त्रींनी माझ्या डिझेल गाडीच्या टर्बोची ऑइलची नळी काढली, एका टोकाला फुंकर मारली आणि माझ्या हातात दिली. "फुंका बघू." हवा जेमतेम पलीकडे गेली. मग त्यांनी आत बारीक तार घातली, तशी काळी खपली सुटून बाकावर पडली. कढईच्या बुडाला करपलेल्या गुळासारखी, कडक आणि चकचकीत. आठ महिन्यांपूर्वीच दुसऱ्या एका गॅरेजात या गाडीला नवा टर्बो बसवला होता, पण नळी मात्र जुनीच ठेवली होती. मेस्त्री म्हणाले, "टर्बोला काय झालंय ते मागनं बघूया. आधी ह्येला ऑइल का मिळंना ते बघूया की."

त्या दिवसापासून मी टर्बोकडे, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याकडे, तसंच बघतो. टर्बो आपणहून क्वचितच जातो. त्याला एकतर ऑइल मिळत नाही, किंवा घाण ऑइल मिळतं, नाहीतर हवेबरोबर धूळ आत जाते. म्हणून खालच्या चुकांमधला मोठा भाग ऑइलचाच आहे.

घाट चढून आल्या आल्या चावी फिरवणे

गोव्याहून केरीमार्गे चोर्ला चढून येताना गाडी सलग ओढत असते. आपण वर येतो, कणकुंबीच्या बाजूला चहाची टपरी दिसते, गाडी कडेला घेतली की इंजिन बंद. मी कित्येक वर्षं हेच केलं. निपाणीजवळचा तवंदी घाट चढून लगेच धाब्यावर वळणारे आणि आंबोलीत धबधब्यापाशी थांबणारेही हेच करतात.

त्या क्षणी आत काय चाललेलं असतं ते बघा. सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर टर्बोचं एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. लहान गाड्यांमध्ये हा दांडा जोरात असताना मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेतो. पेट्रोल इंजिनात धुराचं तापमान ९०० अंशांच्याही वर जातं, डिझेलमध्ये त्याहून थोडं कमी. बहुतेक गाड्यांत दांड्याला बॉल बेअरिंग नसतं, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. चावी फिरवली की ऑइल पंप थांबतो. चाकाचं घर मात्र लालबुंद असतं, आणि बेअरिंगात अडकलेलं ऑइल तिथंच करपतं. एका वेळी पापुद्र्याएवढंच करपतं, पण शंभर घाटांनंतर त्याची खपली होते आणि वाट बुजते.

उपाय सोपा आहे. जोरात चढून आला असाल तर शेवटचे एक-दोन किलोमीटर हलक्या पायानं चालवा, किंवा थांबल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवा. तेवढ्यात घरची माणसं उतरतात, चहा सांगून होतो. बेळगावात खडेबाजार ते टिळकवाडी अशी रमतगमत गाडी आणली असेल तर याची गरज नाही. अशा वेळी तीन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवणं म्हणजे नुसतं डिझेल जाळणं. गाडीला ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर घाटात ते बटण बंद ठेवा, नाहीतर ट्रॅफिकमध्ये अडकलात की गाडी स्वतःच तापलेलं इंजिन बंद करते. काही नव्या गाड्यांत इंजिन थांबल्यावरही पाणी फिरवणारा वेगळा पंप असतो, पण तो आहे याची खात्री असेल तरच त्याच्यावर विसंबा.

सकाळी रेस देऊन गाडी गरम करणे

डिसेंबरात बेळगावची सकाळ चांगलीच गार असते. चालू केल्या केल्या घुर्र घुर्र रेस देण्याची सवय जुन्या गाड्यांपासून लागलेली आहे. गार ऑइल जाड असतं आणि टर्बोपर्यंत पोचायला त्याला काही सेकंद लागतात. अर्धा मिनिट थांबा, मग निघा, आणि तापमानाचा काटा वर येईपर्यंत दोन-अडीच हजार आरपीएमच्या आत राहा.

"ऑइल काय, सगळं सारखंच"

हे वाक्य मी सर्वात जास्त ऐकलंय आणि सर्वात जास्त नुकसान यानंच झालेलं बघितलंय. चिकोडी-रायबागच्या पट्ट्यात घरात ट्रॅक्टर असतोच, त्याच्या ऑइलचा डबाही असतो. कमी पडलं की त्यातलंच लिटरभर कारमध्ये ओततात. ट्रॅक्टरचं ऑइल ट्रॅक्टरसाठी चांगलंच असतं, पण कारच्या टर्बोच्या बारीक वाटांचा हिशेब वेगळा आहे. मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच घ्या. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं, म्हणजे डब्यावर एसीईए सी (ACEA C) असं लिहिलेलं ऑइल लागतं. दुसरं घातलं तर राखेनं डीपीएफ लवकर भरतो. लहान टर्बो पेट्रोल इंजिनाला डब्यावर एपीआय एसपी (API SP) दर्जा लिहिलेलं घ्या, त्याचं कारण पुढे येईल.

मुदतीबद्दल माझं मत ठाम आहे. पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष असं लिहिलेलं असलं, तरी रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, उसाच्या हंगामातली धूळ आणि अधूनमधून घाट असा वापर असेल तर सहा-सात हजारांवर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. वर्ष मात्र ओलांडू नका, गाडी उभी असली तरी.

पातळी जास्त असणंही वाईट. टर्बोतलं ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, आपल्या वजनानं उतरतं, त्याला ढकलायला पंप नाही. सम्प भरून वर आला की ऑइल टर्बोतच तुंबतं, सीलमधून गळतं, आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. लोक म्हणतात टर्बो उडाला. प्रत्यक्षात जास्तीचं ऑइल काढलं की धूर थांबतो. डीपीएफच्या गाडीत ऑइल न भरता पातळी वाढली तर ऑइल मोजायच्या पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर डीपीएफमधली काजळी जाळायची फेरी अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. ते ऑइल लगेच बदला.

एअर फिल्टर झटकून परत घालणे

नोव्हेंबर ते मार्च, संकेश्वर, अथणी, कागवाडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागून चाललं की काच पुसावी लागते. तीच धूळ फिल्टरवर बसते. पंक्चरवाल्याकडच्या हवेनं तो फुंकला की कागदाला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि खडा थेट टर्बोच्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या पात्यांवर आदळतो. फिल्टर बदला. बसवल्यावर झाकणाच्या सगळ्या क्लिपा नीट बसल्यात का ते बोटांनी दाबून बघा. एक क्लिप सुटली तरी तो फिल्टर असून नसल्यासारखा आहे.

वरच्या गिअरला घाट ओढणे

पाचव्या गिअरला, बाराशे आरपीएमवर, ॲक्सिलरेटर तळाला. यात मायलेज वाचत नाही. लहान टर्बो पेट्रोल इंजिनात अशा वेळी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकतं आणि पिस्टन तुटू शकतो. एपीआय एसपी ऑइल यासाठीच. गिअर खाली घ्या. उलट डिझेल कायम हळूच चालवली तर टर्बोच्या हलत्या पाकळ्यांवर काजळी बसून त्या अडकतात, म्हणून आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास मोकळी पळवा.

पिकअप गेला म्हणजे टर्बोच गेला असं धरणे

काळा धूर, पिकअप नाही, दाबल्यावर फुस्स आवाज: आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीचे) रबरी होज बघा. क्लॅम्पपाशी ऑइलची ओल आणि धूळ चिकटलेली दिसली तर फट तिथंच आहे. माझ्या भावाच्या गाडीला टर्बोचं कोटेशन दिलं होतं. होजच्या खालच्या बाजूला बोटभर चीर निघाली. टर्बो खोलला तर दांडा किंचित आजूबाजूला हलणं चालतं, पुढेमागे सरकणं किंवा पाती घराला घासणं चालत नाही. सायरनसारखा चढता आवाज येत असेल तर मात्र गाडी चालवू नका. फुटलेल्या टर्बोतलं ऑइल डिझेल इंजिनात शिरलं तर ते इंधन म्हणून जळतं आणि चावी काढूनही इंजिन पळत सुटतं. मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर, पूर्ण ब्रेक आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

नवा टर्बो बसवताना

ऑइलची नळी नवीच घ्या. ऑइल, फिल्टर आणि टर्बोचं पॅकिंगही नवं. ऑइलच्या नळीच्या तोंडाला सिलिकॉन लावू देऊ नका, त्याचा तुकडा आत जाऊन वाट बुजवतो. इंटरकूलर काढून आतलं जुनं ऑइल ओतून धुवायला सांगा. मेस्त्रींनी माझ्या गाडीत टर्बोच्या तोंडात आधी हातानं ऑइल सोडलं, इंजिन पेटू न देता ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारला, मग चालू करून पाच मिनिटं नुसतं आयडलवर ठेवलं. त्या पाच मिनिटांत त्यांनी ॲक्सिलरेटरला कुणाला हात लावू दिला नाही, टॉर्च घेऊन जोडावर जोड बघत राहिले.