शेवटच्या रांगेसाठी नव्हे, दीड हातावरच्या माणसासाठी

आमचा एक नट मित्र आहे. इंदूरच्या रवींद्र नाट्य गृहात माईक नसला तरी शेवटच्या रांगेला त्याचा शब्द न् शब्द कळतो. मध्यंतरी मुंबईहून त्याच्याकडे सेल्फ टेप, म्हणजे ऑडिशनसाठी घरीच स्वतः काढलेला व्हिडिओ, मागितली. मोबाईलवर दोन मिनिटांचा प्रसंग केला आणि पाठवण्याआधी मला दाखवला. रुसलेल्या मुलाची समजूत घालणारा बाप होता. पडद्यावर मात्र हा मुलाला दम देतोय असंच वाटत होतं.

इंदुरात आपण तयार होतो ते गणपतीच्या मांडवात आणि नाट्यस्पर्धांत. भुवई उचलायची तीही मागच्या खुर्चीला दिसेल अशी. कॅमेरा तर दीड हातावर बसलेला असतो. सुटी कामं घेणाऱ्या नट-निवेदकाची आता पहिली भेट बहुधा अशा टेपमधूनच होते, म्हणून ही सवय मोडावी लागते. घरच्या घरी मोडता येते.

आधी जागा आणि वेळ ठरवा. सकाळी नको. २०१७ मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं याचा अभिमान आहेच, पण कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की तुमचा भावुक प्रसंग संपला. ती जाऊ द्या. पंखा आणि फ्रिज बंद करा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो; कॅमेऱ्यामागे दोरीवर दोन गोधड्या टाकल्या तरी बराच फरक पडतो. कॉलरचा माईक असेल तर हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा.

खिडकी तोंडासमोर हवी, पाठीमागे नको. दिवसाउजेडी खोलीतले पिवळे दिवे बंदच ठेवा, नाहीतर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा हळदी लावल्यासारखा दिसतो. रात्रीच करायचं असेल आणि चित्र लुकलुकत असेल, तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद करून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. या आकड्यांशी ते जुळतं.

फोन आडवा ठेवा आणि मागचा कॅमेरा वापरा. भिंग डोळ्यांच्या रेषेत हवं. स्टँड नसेल तर डब्यांची चवड चालते. फोन फार जवळ आणलात तर नाक मोठं दिसतं. छातीपासून वर, डोक्यावर थोडी मोकळी जागा, एवढी चौकट पुरे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनांत फोकस आणि उजेड तिथेच कायम राहतो. बारीक चौकडीचा शर्ट टाळा, कॅमेऱ्यात तो थरथरतो.

आता खरं काम. चार ओळींचा एक उतारा घ्या आणि तीनदा रेकॉर्ड करा: एकदा नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला, एकदा खोलीत समोर बसलेल्या माणसाला, आणि एकदा शेजारच्या उशीवर डोकं ठेवलेल्या माणसाला. लगेच बघू नका, चहा घेऊन या. मग बघा. पहिली टेप बघवणार नाही. तुम्हाला हवं ते बहुतेक दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे कुठेतरी सापडेल. मात्र हळू बोलणं म्हणजे पुटपुटणं नव्हे. आवाज उतरला तरी व्यंजनं खणखणीतच हवीत.

मग तीच टेप एकदा आवाज बंद करून बघा आणि एकदा डोळे मिटून ऐका. प्रत्येक वाक्याला डोलणारी मान, ओठांवरून फिरणारी जीभ, भराभर मिटणाऱ्या पापण्या आवाज बंद केल्यावर दिसतात. एका वेळी एकच खोड धरा.

आमच्या मित्राची खोड हातात होती. ‘ये, बस इथं’ म्हणताना उजवा हात खांद्यापासून फिरायचा. सांगून थांबेना. शेवटी काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास हातात दिला आणि म्हटलं, आता बोल. सांडायच्या भीतीने हात जागच्या जागी राहिला, आवाज आपोआप खाली आला, आणि ‘बस इथं’ म्हणताना त्याने फक्त डोळ्यांनी जागा दाखवली. समोर संवाद वाचत असलेल्या वहिनी क्षणभर वाचायच्या थांबल्या.

संवाद वाचणाऱ्याला भिंगाला अगदी खेटून उभं करा, डोळे भिंगाच्याच उंचीवर. तुम्ही त्याच्याकडे बघायचं, भिंगात नाही. निवेदनाचं काम असेल तर उलट: थेट भिंगात. स्वतःची छबी बघत बोललात तर नजर हमखास घसरते.

भाषेचंही बघा. हिंदीच्या सहवासात आपल्याकडे कित्येकांचा ‘चाक’मधला च ‘चार’मधल्या चसारखाच होतो, आणि ‘करून राहिलोय’ तर तोंडात बसलेलंच आहे. घरात ते गोडच लागतं, पण पुण्यातल्या पात्रासाठी टेप देताना चाक, चूल, जाळ असे शब्द आधी घोळवून घ्या. हिंदी टेपमध्ये आपला मराठी हेल असाच तपासा.

सुरुवातीला नाव, उंची, शहर सांगायचं आणि दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवायचा, असं बहुधा सांगितलेलं असतं. सूचना नीट वाचा आणि तेवढंच करा. इथे अभिनय नको.

पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकलात तर तो दाबला जाऊन चित्र खराब होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. लिंक आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, बाहेरच्यांना परवानगी द्यायची राहून गेलेली असते. ऑडिशनसाठी कोणी ‘रजिस्ट्रेशन’चे पैसे मागितले तर तिथेच थांबा. मी एकदा भरलेत. आठवड्याने तो नंबर बंद होता.

टेप गेली की फ्रिज सुरू करा. विसरायला नको म्हणून गाडीची किल्लीच त्यात ठेवावी. माझं दोन लिटर दूध गेल्यापासून मी तसंच करतो.