ईयूसीचा आवाज नक्की कुठून येतोय ते कसं शोधायचं (आणि बंद कसा करायचा)

आमच्या सोसायटीचे वॉचमन काका मी गेटपाशी पोचायच्या आधीच गेट उघडून उभे असायचे, कारण माझं चाक (ईयूसी म्हणजे इलेक्ट्रिक युनिसायकल, दोन पेडलवर उभं राहून चालवायचं बॅटरीवरचं एकच चाक) कोपऱ्यावरूनच करकरत यायचं. एकदा म्हणाले, "दादा, बैलगाडीला वंगण घालतात तसं याला पण घाला की जरा." मी हसण्यावारी नेलं, पण काकांचं निदान माझ्यापेक्षा बरोबर निघालं. मी बेअरिंगच गेलं असं धरून बसलेलो, नाना पेठेत जाऊन बेअरिंग पुलरचा (बेअरिंग ओढून काढायच्या अवजाराचा) भाव पण विचारून आलेलो. आणि निघालं काय, तर पेडलच्या पिनेत माती.

तर आधी हे डोक्यात घ्या की ईयूसीमध्ये गिअर नाही, चेन नाही, ब्रेक पॅडसुद्धा नाहीत, मोटर थेट रिमच्या आत. फिरणारं म्हणजे टायर, मोटरचा बाहेरचा भाग आणि त्याची बेअरिंगं, संपलं. बाकी सगळं प्लास्टिक, स्क्रू, पेडल आणि ट्रॉली हँडल, आणि बहुतेक आवाज या "बाकी" मधूनच येतात. शेल, म्हणजे बाहेरचं कवच, आतून पोकळ असल्यामुळे सगळं घुमतं आणि उजवीकडचा आवाज डावीकडून आल्यासारखा वाटतो, त्यामुळे चालवताना "कुठून येतोय" यावर फार विसंबू नका. आवाज कशाच्या तालावर येतोय ते बघा. चाकाच्या फेऱ्याबरोबर येतो, का तुम्ही पायावर वजन टाकलं की येतो, का फक्त खड्ड्यात, का फक्त चढावर नि जोरात पिकअप घेताना. हे कळलं की अर्धं काम झालं.

फेऱ्याचा ताल ओळखायची सोपी पद्धत आहे. 16 इंची टायरचा घेर साधारण सव्वा मीटर, म्हणजे माणूस चालतो तेवढ्या स्पीडला, ताशी 5 किमी धरा, चाक सेकंदाला एकदा फिरतं आणि थोडं वरच. तेवढ्या स्पीडला सेकंदाला एक "टक" येत असेल तर फेऱ्यामागे एक. मग घरी या, चाक बंद करा, हो बंदच, चालू ठेवून उचललं तर मोटर हवेत सुसाट सुटते आणि टायर नि शेलच्या फटीत बोट असेल तर ते बोट तुमचं राहत नाही. जुन्या उशीवर उलटं ठेवा आणि हाताने सावकाश फिरवा. मॅग्नेटमुळे जरा अडखळत फिरल्यासारखं वाटेल, ते नॉर्मल आहे. टक आवाज झाला की टायरवर खडूने खूण करा, असं आठ-दहा फेरे. सगळ्या खुणा एकाच जागी पडल्या तर भानगड टायर-रिमची आहे, ट्रेडमध्ये अडकलेला खडा, काच, वगैरे. खुणा दर वेळी पुढेमागे सरकत असतील तर बेअरिंगवर संशय घ्या, कारण बेअरिंगच्या आतल्या गोळ्या चाकाच्या स्पीडने फिरत नाहीत, त्याहून कमी, निम्म्यापेक्षा थोड्याच जास्त स्पीडने फिरतात, मग टक एका जागी कसा येणार.

माझ्या खुणा एकदा सगळ्या व्हॉल्व्हपाशीच पडल्या. हवा भरताना लावलेलं वाकडं एक्स्टेंशन काढायचंच राहिलेलं आणि ते दर फेऱ्याला शेलच्या आत टिचकी मारत होतं. चार दिवस मी ते ऐकत फिरलो, कोणाला सांगू नका.

फेऱ्यामागे एकदा टक न येता "सर्र... सर्र..." असं घासल्यासारखं येत असेल तर टायर रिमवर नीट बसलाय का बघा. टायरच्या कडेला रिमजवळ एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी, एका ठिकाणी रिमखाली गेली असेल तर हवा सोडून, कडेला साबणाचं पाणी लावून परत भरा. आणि नॉबी (मोठ्या गुठळ्यांच्या नक्षीचा) टायर टाकला असेल तर घूंsss आवाज येणारच, तो फॉल्ट नाही.

आता पेडल, कारण नव्वद टक्के करकर इथे असते (आकडा माझ्या मनाचा आहे, पण पैज लावायला तयार आहे). चाक बंद करून भिंतीला टेकवा, एका पेडलवर उभं राहून पुढे-मागे झुला. मग तसंच दुसऱ्या पेडलवर. ज्या बाजूला येते त्या बाजूची पिन काढायची. पेडल ज्या धातूच्या हँगरला लटकतं तिथे आडवी पिन असते, ती बारीक ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) धरलेली, एलन की लागते, आणि की अर्धवट बसवून फिरवू नका, खाच गोल झाली की रडाल. माझी पिन बाहेर आली तेव्हा तिच्यावर काळसर पिठासारखा थर होता, बोटात चोळला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत, म्हणजे जुनं ग्रीस अधिक रस्त्याची धूळ. फडक्याने पिन पुसा, भोक इअरबडने साफ करा, पिनेवर लिथियम ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि परत बसवा. थापू नका, जास्तीचं ग्रीस बाहेर येऊन अजून धूळ ओढतं. डब्ल्यूडी-40 मारून काम भागवणारे बरेच आहेत, आवाज दोन दिवस जातो आणि मग जास्त जोरात परत येतो कारण उरलंसुरलं ग्रीस पण त्यानेच धुऊन काढलेलं असतं. साफसफाईला वापरा, वंगण म्हणून नको. पेडल पिनेवर डावी-उजवी सरकत असेल तर मधे नायलॉनचा पातळ वॉशर टाका.

पण पेडलखालून करकर न येता पिकअप घेताना एक आणि ब्रेक लावताना एक असा "कट्" येत असेल तर लाड करू नका, चाक चालवणं थांबवा. तो हँगर जिथे अ‍ॅक्सलला बसतो तिथला बोल्ट ढिला झाल्याचा आवाज असतो, आणि तुमचं सगळं वजन तिथेच आहे. बोल्ट काढून, थ्रेड साफ करून, निळ्या थ्रेडलॉकरचा (बोल्ट ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावून कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा. हा थ्रेडलॉकर धातूत धातू असेल तिथेच, शेलच्या प्लास्टिकमधल्या स्क्रूला लावला तर प्लास्टिकला तडे जातात.

बेअरिंग खरंच गेलं असेल तर गुळगुळीत रस्त्यावर पण एकसारखी घरघर येते, स्पीडबरोबर तिची पट्टी चढते आणि वजन कमी-जास्त केल्याने विशेष फरक पडत नाही. बंद चाक हाताने फिरवताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अ‍ॅक्सलला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा, खराब बेअरिंग वाळू दळल्यासारखं ऐकू येतं. आपल्याकडे कारण बहुतेक वेळा पावसाळा, किंवा वॉशिंग सेंटरचा तो प्रेशर पंप, जो ईयूसीवर कधीही मारू नये. बेअरिंग मिळायला अवघड नाही, कडेवर नंबर कोरलेला असतो, शेवटचे दोन आकडे 04 किंवा वर असतील तर गुणिले 5 म्हणजे आतल्या भोकाचे मिलिमीटर, 6204 म्हणजे 20. मागे 2आरएस असलेलं घ्या, दोन्ही बाजूंना रबरी सील येतं. बसवणं मात्र घरचं काम नाही असं माझं मत आहे. मॅग्नेट एवढे जोरात ओढतात की बोट चेमटतं, आणि मोटरच्या वायरी अ‍ॅक्सलच्या आतूनच जातात, पुलर जरा तिरका लागला की वायर सोलली. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे न्या, पण तो कुकरची शिट्टी दुरुस्त करतो तशा घाईने करू लागला तर उचलून परत आणा.

सस्पेन्शनवाल्या चाकांना खड्ड्यात कुईकुई येते ती बहुतेक स्लायडरची, म्हणजे रेलवर वरखाली सरकणाऱ्या भागाची. रेल कोरड्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉनचा कोरडा स्प्रे मारा, ग्रीस नको, धूळ चिकटते.

मोटरचा स्वतःचा बारीक कुंईं आवाज चढावर येतोच, येऊ दे. पण सुरू होताना चाक घर्रर्र करून थरथरलं तर हॉल सेन्सर (मोटर कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला सांगणारा) किंवा फेज वायरचा (मोटरला करंट देणाऱ्या वायरीचा) कनेक्टर बघावा लागेल, फेजच्या तीन जाड वायरी आणि सेन्सरच्या पाच बारीक. बंद असताना चाक हाताने फिरवायला एकदम जड झालं असेल तर कंट्रोलरवरचे मॉसफेट (मोटरला करंट सोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) उडालेले असू शकतात. दोन्ही केसमध्ये चाक परत चालू करून "बघूया तर" म्हणू नका. आणि बीप आणि टिल्टबॅक (चाक स्वतःच पेडल मागे झुकवून तुम्हाला स्लो व्हायला सांगतं ते) हे या यादीत येत नाहीत, ते आले की स्लो व्हा, बस.

राहिली स्पीडब्रेकरवरची खडखड. बंद चाक एक इंचभर उचलून गादीवर सोडा आणि दर वेळी एक वस्तू हाताने दाबून धरा, आधी ट्रॉली हँडल, मग मडगार्ड, मग साइडपॅड. जे धरल्यावर खडखड बंद झाली ते दोषी. हँडलच्या नळीत फोम टेपचा तुकडा, मडगार्डच्या स्क्रूखाली जुन्या सायकल ट्यूबचा वॉशर. माझं मडगार्ड अजून थोडं वाजतं, पण आता काकांना गेट उघडायला तेवढाच इशारा मिळतो म्हणून ठेवलंय.