खर्च-लाभाच्या अहवालातील मूल्यनिवड कशी शोधावी

धरणाचा, महामार्गाचा किंवा हवामानविषयक धोरणाचा खर्च-लाभ अहवाल हाती आला, की त्यातील आकडेमोड आणि त्या आकडेमोडीपूर्वीच झालेली निवड या दोन गोष्टी वेगळ्या करून वाचाव्यात. अर्थशास्त्र साध्यांबाबत तटस्थ असते, म्हणजे कोणते उद्दिष्ट चांगले हे ते ठरवत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ साली मांडले. परंतु धोरणासाठी बेरीज-वजाबाकी करायची, तर कोणाचे नुकसान किती धरायचे हे आधी ठरवावेच लागते, आणि ते गणितातून निघत नाही.

सर्वप्रथम वटाव दर, म्हणजे भविष्यातील रकमेचे आजचे मोल काढण्याचा दर, शोधावा; अनेकदा तो परिशिष्टात असतो. शंभर वर्षांनी होणारे १०० कोटी रुपयांचे नुकसान १.४ टक्के दराने आज सुमारे २५ कोटींचे ठरते, तर ५.५ टक्के दराने जेमतेम ४७ लाखांचे. अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या हवामानबदलावरील अहवालात कमी दर धरला, कारण केवळ उशिरा जन्मल्यामुळे कोणाचे हित कमी लेखू नये, ही भूमिका त्यांनी उघडपणे घेतली होती. अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी बाजारातील परताव्याचा आधार घेऊन अधिक दर धरला. ही भूमिका अधिक तटस्थ भासते. पण आजच्या गुंतवणूकदारांच्या वर्तनावरून अजून न जन्मलेल्यांच्या हिताचे मोल ठरवणे, हाही माझ्या मते नैतिक निर्णयच आहे.

पुढे, काय मोजले गेलेच नाही ते पाहावे. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. तिथल्या आदिवासींची नावावर नसलेली कसती जमीन, मोहाची फुले, नदीतली मासळी यांना बाजारभाव लावू गेल्यास हाती फारच थोडे लागते.

‘निव्वळ लाभ’ हा शब्द दिसताच थांबावे. अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये मांडलेल्या कसोटीनुसार लाभ होणाऱ्यांना नुकसान झालेल्यांची भरपाई करणे शक्य असले, की पुरे. भरपाई प्रत्यक्षात दिलीच पाहिजे, अशी अट नाही. म्हणून ती कोण, कोणाला आणि केव्हा देणार, हे अहवालात शोधावे.

एवढ्यावरून सारेच आकडे फेटाळू नयेत. वटाव दर बदलून आणि गरिबांच्या नुकसानाला दुप्पट वजन देऊन तीच आकडेमोड पुन्हा करावी. निष्कर्ष टिकला, तर त्याला बळकटी मिळते. तो उलटला, तर कोणत्या गृहीतकामुळे उलटला हे जनसुनावणीतील लेखी हरकतीत आकड्यांसह नोंदवावे.