मेकॅनिक्सचे मार्क आकृतीतच जातात: सीईटी-जेईईच्या तयारीतल्या या चुका टाळा

कोकणात अकरावीचे वर्ग भर पावसात सुरू होतात. न्यूटनचे नियम फळ्यावर येईतो गणपती येतात, मुलं वाडीवर जातात, आणि परततात तेव्हा वर्ग गुरुत्वाकर्षणाकडे वळलेला असतो. मधलं राहिलेलं कुणी भरून काढत नाही. वर घरात कुणीतरी सांगतं, ‘सीईटीत अकरावीचं २० टक्केच असतं रे, बारावी धर.’ पण बारावीचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्सचा (फिरणाऱ्या वस्तूंच्या गतीचा), आणि ज्याला फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) काढता येत नाही त्याचं तिथे पहिल्याच आठवड्यात अडतं. जेईईत तर अशी टक्केवारीची सवलतही नाही.

माझं मत थोडं कडक आहे. दिवाळीपर्यंत मुलांच्या हातात सूत्रांचा तक्ता देऊच नये. मेकॅनिक्समधल्या बहुतेक चुका आकडेमोडीच्या आधीच, आकृती न काढल्यामुळे झालेल्या असतात.

घर्षण म्हणजे नेहमी μN नव्हे

अंगणात ३० किलोचा चिरा पडलाय असं समजा. स्थितिक घर्षणाचा गुणांक μ = ०.५, गुरुत्वाचं त्वरण g = १०. त्याला ६० न्यूटनने आडवं ढकललं तर घर्षण किती? निम्मा वर्ग μN (गुणांक गुणिले नॉर्मल N, म्हणजे जमिनीने चिऱ्याला वर दिलेलं बल, इथे ३००) करून १५० लिहितो. आता विचारा, ‘तू ६० ने पुढे ढकलतोयस आणि घर्षण १५० ने मागे. म्हणजे चिरा उलट तुझ्या अंगावर यायला हवा ना?’ मुलं हसतात, पण हे डोक्यात पक्कं बसतं. उत्तर ६० न्यूटन. १५० ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. चिरा जागचा हलत नाही तोवर घर्षण लागेल तेवढंच असतं.

दुसरी चूक याच चिऱ्यावर दाखवता येते. दोर बांधून आडव्या रेषेच्या वर ३७° कोनात १५० न्यूटनने ओढा. नॉर्मल सरसकट mg धरणारा मुलगा म्हणतो, ‘मर्यादा १५०, आडवं बल १२०, चिरा हलणार नाही.’ पण दोर चिऱ्याला ९० न्यूटनने वरही उचलतोय. म्हणून नॉर्मल ३०० नाही, २१०. मर्यादा १०५ वर येते आणि चिरा सरकतो. पर्यायांत ‘हलणार नाही’ हा पर्याय हमखास असतो, कारण पेपर काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते.

यावर उपाय असा: प्रत्येक गणितात आधी बाण, मग उभ्या दिशेचं समीकरण, त्यातून N, आणि त्यानंतरच घर्षण. हा क्रम मोडला की उत्तर बरोबर आलं तरी मार्क देऊ नका.

जास्तीचे बाण, ठोकळेबाज ताण

वळणावरच्या एसटीच्या आकृतीत मुलं वजन, नॉर्मल, घर्षण दाखवतात आणि वर चौथा बाण ‘सेंट्रिपेटल’ (केंद्राकडे ओढणारं बल) म्हणून काढतात. सपाट वळणावर टायरचं घर्षणच ते काम करतं, वेगळं बल नसतं. त्रिज्या २५ मीटर, गुणांक ०.४ असेल तर घसरण्याआधीचा कमाल वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. गाडी भरलेली असो की रिकामी, उत्तर तेच, कारण वस्तुमान दोन्ही बाजूंनी जातं. (गाडी उलटण्याचा प्रश्न वेगळा, तिथे गुरुत्वमध्याची उंची लागते.)

कप्पीवर ३ आणि २ किलो टांगले की दोरीतला ताण ३० न्यूटन लिहून मोकळे. ३ किलोचं वजन खाली त्वरणाने जातंय, मग ताण त्याच्या वजनाएवढा कसा असेल? तो २० आणि ३० च्या मधेच हवा. येतो २४.

ऊर्जा की संवेग?

१० ग्रॅमची गोळी ४०० मीटर प्रति सेकंद वेगाने दोरीला टांगलेल्या १.९९ किलोच्या लाकडी ठोकळ्यात रुतते. संवेगाने (वस्तुमान गुणिले वेग) दोघांचा वेग येतो २. ऊर्जा टिकते असं धरलं तर सुमारे २८ येतो आणि मुलांना ते खरंही वाटतं. गतिज ऊर्जा ८०० जूलवरून ४ वर आलेली दाखवा. रुतताना संवेग, त्यानंतर ठोकळा दोरीवर वर झुलताना ऊर्जा. दोन टप्प्यांत मधे आडवी रेघ मारायला लावा.

खाडीचं गणित

दाभोळ-धोपावे फेरीबोटीत बसलेल्या मुलांनाही हे चुकतं. खाडी ६०० मीटर, होडी स्थिर पाण्यात ५, ओहोटीचा प्रवाह ३ मीटर प्रति सेकंद धरा. कमीत कमी वेळ हवा तर नाळ (होडीचं पुढचं टोक) सरळ समोरच्या काठाकडे: १२० सेकंद, पण ३६० मीटर वाहत जाल. नेमकं समोर उतरायचं तर प्रवाहाविरुद्ध तिरकं: वेग ४ उरतो, १५० सेकंद लागतात. प्रश्नात यातलं काय मागितलंय ते वाचायचं राहतं, एवढीच बहुधा चूक.

मार्क अडकलेत कुठे, ते शोधा

चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे एकच शब्द लिहायला लावा: आकृती, चिन्ह, आकडेमोड किंवा वाचन. पानभर ‘आकडेमोड’ आली तर आणखी दोनशे न्यूमेरिकल देऊन उपयोग नाही. त्या मुलाला वर्गमूळं आणि त्रिकोणमिती हवी, कारण कॅल्क्युलेटर मिळत नाही. ‘आकृती’ जास्त आली तर आठवडाभर नुसत्या आकृत्या, उत्तर काढायचंच नाही. सोडवलेल्या गणिताचा व्हिडिओ बघून मान डोलावणं हा अभ्यास नव्हे. बघून झाल्यावर वही मिटून तेच गणित पुन्हा करायला लावा.

उत्तर तपासायला टोकाच्या किमती घालाव्यात. कप्पीच्या उत्तरात दोन्ही वजनं सारखी धरली तर त्वरण शून्य यायला हवं. उतार सपाट केला तर घसरण्याचं त्वरण g sinθ शून्य. न जुळणारा पर्याय न सोडवता गळतो.

परीक्षेचा हिशेबही वेगळा ठेवा. सीईटीत भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, चुकीला वजाबाकी नाही, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नये. जेईई मेनमध्ये बरोबरला ४, चुकीला वजा १. तिथे सीईटीची सवय नडते.

आणि सराव पेपर एप्रिलवर ढकलू नका. तेव्हा घरोघर आंब्याच्या पेट्या भरायची घाई, पाहुणे, लग्नं. घड्याळ लावून सलग तीन तास बसण्याची सवय शिमग्याच्या आधीच लागलेली बरी.