पायथन प्रकल्पातील स्क्रिप्ट आणि चाचण्या यांना बाहेरील मॉड्यूल एकाच ठिकाणाहून कसे पुरवावे

प्रकल्पात स्क्रिप्टसाठी एक आणि चाचण्यांसाठी एक असे दोन फोल्डर असतात आणि दोन्हींना रिक्वेस्ट्स किंवा नमपाय यांसारखी बाहेरील मॉड्यूल लागतात. स्क्रिप्ट नीट चालते, पण चाचणी मात्र ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’ देऊन थांबते. अशा वेळी प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला सिस डॉट पाथमध्ये, म्हणजे पायथन मॉड्यूल जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, हाताने मार्ग घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण मार्ग घालणाऱ्या त्या ओळी फाइलगणिक वाढत जातात आणि फोल्डर हलवताच निकामी होतात.

मूळ कारण असे की, आयात करताना पायथन सिस डॉट पाथ या यादीत क्रमाने शोध घेतो आणि या यादीची सुरुवात प्रोग्राम कसा चालवला त्यावर ठरते. स्क्रिप्ट थेट चालवली तर ती ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर यादीत पहिला येतो, मग टर्मिनल कोणत्याही फोल्डरात उघडलेले असो. मॉड्यूल नावाने चालवणारा ‘-एम’ हा पर्याय वापरला तर चालू फोल्डर पहिला येतो. आणि पायटेस्ट हे चाचण्या चालवणारे साधन मूळ सेटिंगमध्ये चाचणीच्या फाइलचा फोल्डर, किंवा त्यात इनिट फाइल (फोल्डरला पॅकेज ठरवणारी ‘__इनिट__ डॉट पाय’) असल्यास इनिट फाइल नसलेला त्यावरचा पहिला फोल्डर, यादीच्या आरंभी घालते. म्हणूनच स्क्रिप्टशेजारी उतरवून ठेवलेले मॉड्यूल स्क्रिप्टला सापडते आणि चाचणीला सापडत नाही. साइट-पॅकेजेस हा बसवलेली मॉड्यूल ठेवण्याचा फोल्डर मात्र तिन्ही प्रकारांत यादीत असतो, तेव्हा सामायिक मॉड्यूल तिथेच बसवणे हा खरा उपाय आहे.

त्यासाठी प्रकल्पाच्या मूळ फोल्डरात ‘पायथन -एम व्हेन्व्ह’ या आज्ञेने, पुढे फोल्डरचे नाव देऊन, स्वतंत्र आभासी परिसर, म्हणजे फक्त या प्रकल्पापुरती मॉड्यूल ठेवणारा पायथन, तयार करावा. ही सोय पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, भाषेसोबतच मिळते. परिसर सक्रिय केल्यावर पिप (मॉड्यूल बसवणारे साधन) आणि पायटेस्ट नुसत्या नावाने न चालवता ‘पायथन -एम पिप’ आणि ‘पायथन -एम पायटेस्ट’ असे चालवावेत. अनेकदा मॉड्यूल बसवलेले असूनही सापडत नाही, कारण पायटेस्ट ही आज्ञा संगणकावरील दुसऱ्याच पायथनची असते. ‘-एम’ वापरल्याने ही गफलत टळते.

यानंतर पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या प्रकल्पाची माहिती ठेवणाऱ्या फाइलमधील ‘प्रोजेक्ट’ विभागात ‘डिपेन्डन्सीज’ या शीर्षकाखाली स्क्रिप्ट आणि चाचण्या या दोघांना लागणारी मॉड्यूल लिहावीत. पायटेस्टसारखी फक्त चाचणीची साधने ‘ऑप्शनल-डिपेन्डन्सीज’मध्ये ‘टेस्ट’ या नावाने वेगळी ठेवावीत, म्हणजे केवळ स्क्रिप्ट वापरणाऱ्याला ती बसवावी लागणार नाहीत.

आपला स्वतःचा सामायिक कोडही स्क्रिप्टच्या फोल्डरात न ठेवता ‘एसआरसी’ फोल्डरात पॅकेज म्हणून ठेवावा आणि मूळ फोल्डरातून ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल -ई’ ही आज्ञा, तिच्यापुढे टिंब आणि चौकटी कंसात ‘टेस्ट’ लिहून, द्यावी. झेडशेल या टर्मिनलमधील आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये चौकटी कंसांना वेगळा अर्थ असल्यामुळे तेवढा भाग अवतरणचिन्हांत ठेवावा. या एका आज्ञेने बाहेरील सर्व मॉड्यूल बसतात आणि आपले पॅकेज संपादनयोग्य रीतीने जोडले जाते, त्यामुळे कोडमधील बदल पुन्हा न बसवता स्क्रिप्ट आणि चाचण्या दोन्हींकडे दिसतात.

एखादे मॉड्यूल पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून मॉड्यूल उतरवतो त्या सार्वजनिक संग्रहात, नसेल, पण त्याच्या गिट भांडारात पॅकेजची मांडणी असेल, तर त्या भांडाराचा पत्ता ठरावीक टॅगसह डिपेन्डन्सीजमध्ये देता येतो. ते केवळ एक सुटी फाइल असेल तर आपल्या पॅकेजच्या आत ‘_व्हेंडर’ नावाच्या उपपॅकेजात ठेवावे. पिप स्वतःच्या गरजेच्या लायब्ररी याच पद्धतीने सोबत बाळगतो. फाइलसोबत तिचा परवाना आणि आवृत्ती अवश्य नोंदवावी, आणि आयात नेहमी पॅकेजच्या पूर्ण नावानेच करावी.

स्वतःच्या स्क्रिप्टला ‘रिक्वेस्ट्स डॉट पाय’ असे बाहेरील मॉड्यूलचेच नाव कधीही देऊ नये, कारण स्क्रिप्टचा फोल्डर यादीत आधी येत असल्याने खऱ्या मॉड्यूलऐवजी तीच फाइल आयात होते आणि त्रुटीचा संदेश भलतीकडेच बोट दाखवतो. शंका आल्यास स्क्रिप्टमध्ये आणि चाचणीत त्या मॉड्यूलचा ‘__फाइल__’ हा गुणधर्म (ते कोणत्या फाइलमधून आले) आणि सिस डॉट एक्झिक्युटेबल (कोणता पायथन चालू आहे) छापून पाहावे. दोन्हीकडे एकच मार्ग दिसला तर मांडणी बरोबर आहे. वेगळा दिसला तर आधी परिसर तपासावा, कोड नंतर.